नानावटी खटला : पडद्यावरची प्रेमकथा आणि न्यायालयातील तीन तास

विवाहबाह्य संबंध, त्यातून उसळलेला संताप आणि शेवटी खून या सूत्रावर बेतलेली गुन्हेकथा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर कधी जुनी होत नाही. दूरदर्शनवरील 'एक शून्य शून्य' आणि 'हॅलो इन्स्पेक्टर'पासून १९९८ मध्ये सुरू झालेल्या 'सीआयडी'पर्यंत आणि २००३ मध्ये आलेल्या 'क्राइम पेट्रोल'पर्यंत मराठी घरांनी अशा कथा पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्या. या सर्व कथांची जननी म्हणता येईल असा एक खटला महाराष्ट्रात प्रत्यक्ष घडला. कमांडर कावस माणेकशा नानावटी यांच्यावरील खुनाचा हा खटला १९५९ मध्ये मुंबईत सुरू झाला. त्यावर चित्रपट निघाले, नाटक झाले, कादंबऱ्या लिहिल्या गेल्या आणि २०१९ मध्ये 'द व्हर्डिक्ट - स्टेट व्हर्सेस नानावटी' ही दहा भागांची वेब मालिकाही आली.

फसवणूक झालेला सज्जन पती, पश्चात्तापदग्ध पत्नी आणि विश्वासघातकी मित्र ही या प्रकरणाची लोकस्मृतीत कोरली गेलेली चौकट. न्यायालयाच्या दप्तरातील चित्र मात्र बरेच वेगळे आहे. ज्युरीने नानावटी यांना निर्दोष ठरविले, हे सर्वांना आठवते. त्यानंतर उच्च आणि सर्वोच्च अशा दोन्ही न्यायालयांनी त्यांना खुनासाठी दोषी धरून जन्मठेप दिली, हे अनेकांच्या विस्मरणात गेले आहे. या दोन निकालांमधील अंतर समजून घेतल्यास पडदा काय दाखवितो आणि कायदा काय पाहतो, याचा उलगडा होतो.

२७ एप्रिल १९५९

नानावटी हे भारतीय नौदलातील अधिकारी. 'आयएनएस म्हैसूर' या युद्धनौकेवर ते दुसऱ्या क्रमांकाच्या पदावर होते. १९४९ मध्ये इंग्लंडमधील पोर्ट्स्मथ येथे त्यांनी सिल्व्हिया या इंग्रज तरुणीशी विवाह केला. दोन मुलगे आणि एक मुलगी असे त्यांचे कुटुंब मुंबईत स्थायिक झाले. नोकरीमुळे पती महिनोन्‌महिने समुद्रावर असत. १९५६ मध्ये परिचितांमार्फत या दाम्पत्याची ओळख प्रेम भगवानदास आहुजा यांच्याशी झाली. आहुजा मोटारींच्या विक्रीचा व्यवसाय करीत आणि बहीण मॅमी यांच्यासह सेटलवाड मार्गावरील 'जीवनज्योत' इमारतीत राहत. पुढे सिल्व्हिया आणि आहुजा यांचे प्रेमसंबंध जुळले.

एप्रिल १९५९ मध्ये जहाज मुंबईला परतल्यावर पत्नीच्या वागण्यातील दुरावा नानावटी यांना जाणवला. २७ एप्रिलला दुपारच्या जेवणानंतर विचारणा केली असता सिल्व्हिया यांनी संबंधांची कबुली दिली. त्यानंतरच्या घटनांचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण पुढे संपूर्ण निकाल त्यावरच फिरला.

नानावटी यांनी पत्नी, आपली दोन मुले आणि शेजाऱ्यांचे एक मूल यांना मोटारीने मेट्रो चित्रपटगृहात सोडले. सहा वाजता न्यायला येतो, असे सांगून ते जहाजावर गेले. रात्री एकट्याने अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) मोटार चालवीत जायचे आहे, असे कारण देऊन त्यांनी जहाजाच्या भांडारातून रिव्हॉल्व्हर व सहा काडतुसे घेतली. रिव्हॉल्व्हर एका तपकिरी लिफाफ्यात ठेवले. प्रथम ते आहुजा यांच्या कार्यालयात गेले. ते तेथे नाहीत, असे कळताच 'जीवनज्योत'कडे वळले. नोकराने दार उघडल्यावर ते सरळ शयनगृहात गेले आणि दार लावून घेतले. आहुजा नुकतेच स्नान करून आले होते. त्यांच्या अंगावर केवळ टॉवेल गुंडाळलेला होता. काही क्षणांतच तीन गोळ्या सुटल्या आणि आहुजा मृत्युमुखी पडले. त्या वेळी दुपारचे सुमारे चार वाजून वीस मिनिटे झाली होती. तेथून नानावटी नौदलाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे आणि त्यांच्या सल्ल्यावरून पोलिस उपायुक्त जॉन लोबो यांच्याकडे जाऊन स्वाधीन झाले.

बचाव होता अपघाताचा

बृहन्मुंबईच्या सत्र न्यायालयात न्यायाधीश आर. बी. मेहता आणि नऊ जणांच्या ज्युरीपुढे हा खटला चालला. सरकारच्या वतीने सी. एम. त्रिवेदी आणि बचावासाठी कार्ल खंडालावाला उभे राहिले. मॅमी आहुजा यांच्या बाजूने कामकाजावर लक्ष ठेवणाऱ्या तरुण वकिलाचे नाव होते राम जेठमलानी.

नानावटी यांनी 'संतापाच्या भरात गोळ्या झाडल्या' असा बचाव घेतला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नाही. झटापटीत रिव्हॉल्व्हरमधून गोळ्या चुकून सुटल्या, म्हणजेच मृत्यू अपघाताने झाला, हा त्यांचा मुख्य बचाव होता. सिल्व्हियाशी लग्न करून मुलांचा सांभाळ करणार का, असा प्रश्न आपण आहुजा यांना विचारला. त्यांनी उर्मट नकार दिला. लिफाफ्यातील शस्त्रावर दोघेही झेपावले आणि गोळ्या सुटल्या, असे त्यांचे कथन होते. सिल्व्हिया यांनीही पतीच्या बाजूने साक्ष दिली.

बंद दाराआडच्या त्या संवादाला दुसरा साक्षीदार नव्हता. एक जण मरण पावलेला आणि दुसरा आरोपी. पुढच्या जवळजवळ प्रत्येक नाट्यरूपांतरात शयनगृहातील तो संवाद ज्या प्रकारे रंगला, त्याचा उगम आरोपीच्या जबानीत आहे, ही बाब प्रेक्षकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आहुजा यांची बाजू सांगणारे कोणी त्या खोलीत उरले नव्हते.

सरकार पक्षाने मात्र मूक पुरावे मांडले. झटापट झाली असती तर अंगावरचा टॉवेल सुटला असता. तो मृतदेहावर जागेवरच होता. गोळीबारानंतर नानावटी यांनी भेटलेल्यांपैकी कोणालाही हा अपघात असल्याचे सांगितले नाही. उलट, आहुजा यांचे आपल्या पत्नीशी संबंध असल्याने त्यांना मारले, असे त्यांनी इमारतीच्या पहारेकऱ्याला सांगितल्याची साक्ष झाली.

२१ ऑक्टोबर १९५९ रोजी ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मताधिक्याने नानावटी यांना खून आणि सदोष मनुष्यवध या दोन्ही आरोपांतून निर्दोष ठरविले.

ज्युरीनंतरचे निकाल

न्यायाधीश मेहता यांना हा निर्णय मान्य झाला नाही. तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ नुसार, ज्युरीचा कौल पुराव्याशी विसंगत वाटल्यास प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविण्याचा अधिकार सत्र न्यायाधीशांना होता. तो त्यांनी वापरला. उच्च न्यायालयात सरकारची बाजू मांडणाऱ्यांत यशवंत विष्णू चंद्रचूड होते. हेच पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले.

न्यायमूर्ती शेलत आणि न्यायमूर्ती नाईक यांनी ११ मार्च १९६० रोजी नानावटी यांना भारतीय दंडविधानाच्या कलम ३०२ खाली दोषी ठरवून जन्मठेप सुनावली. अपघाताचा बचाव घेणाऱ्या आरोपीवर तो सिद्ध करण्याचा भार असतो, ही बाब ज्युरीला नीट समजावून सांगितली गेली नव्हती, असा एक महत्त्वाचा आक्षेप या टप्प्यावर ग्राह्य धरण्यात आला.

त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी सर्वोच्च न्यायालयातील अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा स्थगित करून नानावटी यांना नौदलाच्या ताब्यात ठेवण्याचा आदेश दिला. त्यातून घटनात्मक पेच उद्भवला. अपील सर्वोच्च न्यायालयापुढे असताना राज्यपाल असा हस्तक्षेप करू शकत नाहीत, असे घटनापीठाने ५ सप्टेंबर १९६० रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने स्पष्ट केले. याच दरम्यान १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. त्यामुळे कायद्याच्या ग्रंथांत हा खटला काही ठिकाणी 'मुंबई राज्य' आणि काही ठिकाणी 'महाराष्ट्र राज्य' यांच्या विरुद्धचा म्हणून नोंदलेला आढळतो.

तीन तासांचा प्रश्न

सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल २४ नोव्हेंबर १९६१ रोजी लागला. तो न्यायमूर्ती के. सुब्बा राव यांनी लिहिला. अपघाताचा बचाव फेटाळल्यानंतर पर्यायी मुद्दा उरला तो 'गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभ' या अपवादाचा. अशा प्रक्षोभामुळे आत्मसंयम सुटून हत्या घडली, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो आणि शिक्षा सौम्य होऊ शकते.

त्यासाठी न्यायालयाने काही निकष मांडले. आरोपी ज्या समाजस्तरातील आहे, त्या स्तरातील सर्वसामान्य विवेकी माणूस त्या परिस्थितीत संयम गमावून बसला असता काय, हे पाहायचे. केवळ शब्द किंवा हावभावही प्रक्षोभक ठरू शकतात. आधीच्या घटनांनी तयार झालेली मनाची अवस्थाही विचारात घेता येते. तथापि, घातलेला घाव त्या प्रक्षोभातूनच आलेला असला पाहिजे. मधल्या काळात मन शांत होऊन योजना आखायला वाव मिळाला असेल, तर अपवादाचा आधार मिळत नाही.

हे निकष लावल्यावर घड्याळ निर्णायक ठरले. नानावटी घरातून बाहेर पडले दुपारी दीडच्या सुमारास आणि हत्या झाली चार वाजून वीस मिनिटांनी. मधल्या सुमारे तीन तासांत त्यांनी कुटुंबाला चित्रपटगृहात पोहोचविले, खोटे कारण देऊन शस्त्र मिळविले, कार्यालयात शोध घेतला आणि मग घर गाठले. पत्नीच्या कबुलीने त्यांचा क्षणभर तोल गेला असेलही, पण नंतरचे वर्तन हिशेबी होते, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. जन्मठेप कायम झाली. भारतीय न्यायालयांत प्रक्षोभाचा मुद्दा निघाला की आजही हाच निवाडा आधारासाठी उघडला जातो.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्या काळी दंडविधानाच्या कलम ४९७ नुसार व्यभिचार हा गुन्हा होता आणि त्यासाठी परपुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. म्हणजे फसवणूक झालेल्या पतीला फिर्यादीचा मार्ग मोकळा होता. रिव्हॉल्व्हर हा एकच पर्याय त्याच्यापुढे नव्हता.

वृत्तपत्र, जनमत आणि माफी

न्यायालयाबाहेर वेगळाच खटला चालू होता. आर. के. करंजिया यांच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने नानावटी यांची बाजू उघडपणे उचलून धरली. २५ नव्या पैशांचा अंक दोन रुपयांना विकला गेल्याचे सांगितले जाते. मुंबईच्या पदपथांवर 'आहुजा टॉवेल' आणि 'नानावटी रिव्हॉल्व्हर' या नावांनी वस्तू व खेळणी विकली गेली. पारशी समाज नानावटींच्या पाठीशी, तर सिंधी समाज आहुजांच्या बाजूने, अशी विभागणीही झाली.

१९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटी यांना माफी दिली. त्याच सुमारास भाई प्रताप या सिंधी व्यापाऱ्यालाही वेगळ्या प्रकरणात माफी मिळाली आणि दोन्ही समाजांचे समाधान साधले गेले. मॅमी आहुजा यांनी नानावटींच्या माफीला लेखी संमती दिली होती. ती मिळविण्यात जेठमलानी यांचा वाटा होता. १९६८ मध्ये नानावटी कुटुंब कॅनडात गेले. २००३ मध्ये तेथेच नानावटी यांचे निधन झाले.

पडद्यावरची रूपे

या प्रकरणावरचा पहिला गाजलेला चित्रपट आर. के. नय्यर दिग्दर्शित 'ये रास्ते हैं प्यार के' (१९६३). सुनील दत्त, लीला नायडू आणि रेहमान यांच्या त्यात भूमिका होत्या. मराठी रंगभूमीवर मधुसूदन कालेलकर यांचे 'अपराध मीच केला' हे नाटक याच घटनेवर बेतलेले आले. गुलजार यांचा 'अचानक' (१९७३) ख्वाजा अहमद अब्बास यांच्या कथेवर आधारित होता. त्यातील लष्करी अधिकारी पत्नी आणि मित्र या दोघांचीही हत्या करतो. फाशी द्यावयाच्या माणसाला डॉक्टरांनी आधी वाचवायचे कशासाठी, या प्रश्नावर तो चित्रपट उभा आहे. विनोद खन्ना यांनी साकारलेल्या या चित्रपटात एकही गाणे नव्हते.

२०१६ च्या 'रुस्तम'मध्ये अक्षयकुमारच्या नायकाला देशभक्तीची जोड देण्यात आली. नौदलातील गैरव्यवहाराचे उपकथानक रचून हत्येला अधिक उदात्त कारण पुरविले गेले. त्याला प्रत्यक्ष खटल्यात कसलाही आधार नाही. २०१९ च्या मालिकेने मात्र भर न्यायालयीन लढतीवर आणि पारशी-सिंधी तणावावर दिला. शशांत शहा दिग्दर्शित या मालिकेत मानव कौल यांनी खंडालावाला, तर सुमीत व्यास यांनी जेठमलानी रंगविले. विराफ पटेल नानावटी आणि एली अवराम सिल्व्हिया झाले. मॅमीच्या भूमिकेत कुब्रा सैत होत्या. भाऊ गमावलेल्या बहिणीला पडद्यावर ठळक स्थान मिळावे, ही नोंद घेण्याजोगी बाब होती. साहित्यातही सलमान रश्दी यांच्या 'मिडनाइट्स चिल्ड्रन'पासून (१९८१) बची करकरिया यांच्या 'इन हॉट ब्लड'पर्यंत (२०१७) या प्रकरणाचे पडसाद उमटले.

अशा कथांचे आकर्षण जागतिक आहे. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील वायली या उपनगरी गावात १३ जून १९८० रोजी कँडी माँटगोमेरी या गृहिणीने मैत्रीण बेटी गोर हिचा कुऱ्हाडीने जीव घेतला. बेटीच्या पतीशी कँडीचे प्रेमसंबंध होते. कँडीने स्वसंरक्षणाचा बचाव घेतला आणि ज्युरीने तिला निर्दोष सोडले. चाळीस वर्षांनंतर २०२२ आणि २०२३ अशा लागोपाठच्या वर्षांत या घटनेवर दोन स्वतंत्र मालिका आल्या. तिथेही हयात व्यक्तीची कहाणी सविस्तर सांगितली गेली. मृत व्यक्ती स्वतः काही सांगू शकत नव्हती.

ज्युरीविषयी एक रूढ गैरसमज

नानावटी खटल्यामुळे भारतातील ज्युरी पद्धत बंद झाली आणि हाच ज्युरीपुढचा अखेरचा खटला, हे विधान वारंवार छापले जाते. ते अपुरे आहे. एम. सी. सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५८ मध्ये, म्हणजे आहुजा यांच्या हत्येच्या आधीच, ज्युरी रद्द करण्याची शिफारस केली होती. नानावटी प्रकरणाने त्या मताला बळ दिले, एवढे म्हणता येते. त्यानंतरही काही ठिकाणी ज्युरीपुढे खटले चालले. १ एप्रिल १९७४ रोजी लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीची तरतूदच राहिली नाही. पारशी विवाहविषयक न्यायालयांत मात्र समाजप्रतिनिधींची प्रथा कायद्याने टिकून राहिली.

आजचा कायदा

जोसेफ शाइन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ४९७ घटनाबाह्य ठरविले. पत्नी ही पतीची मालमत्ता असल्याप्रमाणे त्यात गृहीत धरले होते, हा मुख्य आक्षेप होता. यात एक योगायोगही आहे. नानावटी प्रकरणात सरकारची बाजू मांडणाऱ्या यशवंत चंद्रचूड यांनी १९८५ मध्ये न्यायमूर्ती या नात्याने हे कलम वैध ठरविले होते. २०१८ मध्ये ते रद्द करणाऱ्या घटनापीठात त्यांचे पुत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते. विवाहबाह्य संबंध आता गुन्हा नाही. घटस्फोटासाठी मात्र ते कारण ठरू शकते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंडविधानाची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. खुनाची व्याख्या आता कलम १०१ मध्ये, तर शिक्षा कलम १०३ मध्ये आहे. 'गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभा'चा अपवाद कलम १०१ मध्ये कायम असल्याने नानावटी निवाड्यातील निकषांची उपयुक्तताही कायम आहे.

'चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून' किंवा 'अनैतिक संबंधातून तरुणाची हत्या' हे मथळे लातूर-नांदेडच्या वाचकाला अपरिचित नाहीत. चाकूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी असा गुन्हा नोंदला गेला, तरी पंचनामा, दोषारोपपत्र आणि सत्र न्यायालय हाच मार्ग असतो आणि निर्णय ज्युरी नव्हे, न्यायाधीश देतात. तिथेही प्रश्न नानावटी खटल्यातलेच असतात : माहिती केव्हा कळली, घटना केव्हा घडली, शस्त्र हाताशी होते की शोधून आणले, मधल्या वेळात आरोपीने काय केले. मथळ्यातील 'वरून' आणि 'तून' हे प्रत्यय हत्येचे कारण बव्हंशी आरोपीच्या नजरेतून सांगतात. न्यायालय त्यांच्यावर विसंबून राहत नाही. कारण समजून घेणे आणि ते सबब म्हणून स्वीकारणे यांत १९६१ च्या निवाड्याने जी रेषा आखली, ती अजून पुसली गेलेली नाही.

खटल्याचा कालक्रम

२७ एप्रिल १९५९ : प्रेम आहुजा यांची हत्या.
२१ ऑक्टोबर १९५९ : ज्युरीचा ८-१ असा निर्दोषतेचा कौल, न्यायाधीशांची असहमती.
११ मार्च १९६० : उच्च न्यायालयाकडून जन्मठेप, राज्यपालांची स्थगिती.
५ सप्टेंबर १९६० : राज्यपालांच्या आदेशाविरुद्ध घटनापीठाचा निर्णय.
२४ नोव्हेंबर १९६१ : सर्वोच्च न्यायालयाकडून जन्मठेप कायम.
१९६४ : राज्यपालांकडून माफी.
१९६८ : नानावटी कुटुंबाचे कॅनडाला स्थलांतर.
२००३ : नानावटी यांचे निधन.